क्षिप्रेकाठचे जनावर

भुताखेतांच्या गोष्टींना आपल्या माळव्यात तोटा नाही. पडका वाडा म्हटला की त्यात काहीतरी वावरणारच! परंतु आमच्या देवासची एक गोष्ट अशी आहे की, ती इथल्या ओट्यांवर माझ्या कानी क्वचितच आली. इंग्रजी वाङ्मयात मात्र ती कायमची जाऊन बसली आहे.

थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव पवार यांच्याकडे ई. एम. फॉर्स्टर हे इंग्रज लेखक येऊन राहिले. प्रथम १९१२-१३ च्या हिंदुस्थान-प्रवासात पाहुणे म्हणून, आणि पुढे १९२१ मध्ये खाजगी चिटणीस म्हणून. देवासची पत्रे व आठवणी त्यांनी १९५३ साली ‘द हिल ऑफ देवी’ या नावाने प्रसिद्ध केल्या. ही टेकडी म्हणजे आपल्या चामुंडामातेची, हे वाचकांस सांगावयास नकोच.

त्या पुस्तकात हा प्रसंग आहे. मोटारीतून क्षिप्रा ओलांडीत असता ओहोळातून कसलेसे जनावर निघाले आणि गाडीवर धावून गेले. ते कोणते, हे कोणालाच ओळखता येईना. हकीकत ऐकताच महाराज चमकले. कोणत्या बाजूने आले, केवढे होते, असे खोदून खोदून विचारू लागले. मग त्यांनी उलगडा केला. काही वर्षांपूर्वी त्याच जागी त्यांच्या मोटारीखाली एक मनुष्य सापडून मेला होता. तो दारू प्यालेला होता. चौकशीत महाराज निर्दोष ठरले. घरच्यांस पैसेही दिले. तरी तेव्हापासून तो त्या जनावराच्या रूपाने आपल्या जिवावर टपून आहे, असे महाराजांचे म्हणणे होते.

फॉर्स्टर यांच्या १९२४ च्या ‘ए पॅसेज टू इंडिया’ या कादंबरीत हीच गोष्ट नवाब बहादूर यांच्या वाट्याला आली आहे. तेथे मोटार झाडावर आदळते आणि वृद्ध मिसेस मूर, कोणी काही सांगितलेले नसता, हे भूतच असे बोलून जाते.

कोणी म्हणेल, तरस असेल, रानडुक्कर असेल. असेलही. मला मात्र त्या जनावरापेक्षा महाराजांच्या मनाचे नवल वाटते. हुजूर चौकशीतून सुटले, पैका पोचला, दप्तर बंद झाले. एका गरिबाच्या मरणाचा हिशेब तेवढ्याने मिटला असे संस्थानच्या मालकाला वाटले नाही. ज्याला कायदा काही करू शकत नव्हता, त्याला त्या मेलेल्याचे भय उरले होते. आपल्या खेड्यांत अपमृत्यूच्या जागी दगडाला शेंदूर लावून नारळ फोडतात, त्याच्या मुळाशीही हीच समजूत आहे.

महाराज १९३७ मध्ये दूर पाँडिचेरीस वारले; १९४८ मध्ये दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या. आज इंदूरच्या हमरस्त्याने मोटारी क्षिप्रा ओलांडून भरधाव जातात. महाराजांचे नाव पुस्तकात राहिले, साहेबांचे राहिले. त्या मेलेल्या माणसाचे नाव मात्र त्यात नाही. पुलावरून जाताना नदीला हात जोडण्याची आपली रीत आहेच. तेव्हा त्याचीही आठवण व्हावी.