दाहाची रक्तातली साक्ष

रक्ताचा नमुना गोठू नये अशी तजवीज करून तो एका उभ्या, अरुंद काचनळीत भरला आणि नळी तासभर जागची हलवली नाही, तर तांबड्या पेशी सावकाश तळाकडे बसू लागतात व वरच्या बाजूस पिवळसर, नितळ रक्तद्रव उरतो. या रक्तद्रवाची मिलिमीटरमध्ये मोजलेली उंची म्हणजेच तपासणीच्या कागदावर 'ईएसआर' या नावापुढे छापला जाणारा आकडा होय. पोलंडमधील वैद्य एडमंड बिएर्नात्स्की यांनी १८९७ मध्ये या घटनेचा रोगनिदानाशी असलेला संबंध मांडला, आणि पुढे स्वीडनमध्ये रॉबर्ट फोरेयुस व आल्फ वेस्टरग्रेन यांनी तिला आजचे रूप दिले. यांपैकी फोरेयुस यांचे लक्ष या गोष्टीकडे वेधले गेले ते गर्भवती स्त्रियांच्या रक्तामुळे, हे येथे नोंदवण्याजोगे आहे, कारण या आकड्याचा पुढचा सगळा घोळ त्यातच दडलेला आहे: तो वाढण्यासाठी रोग असावाच लागतो, असे नाही.

तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असल्यामुळे त्या एरवी एकमेकींना दूर ठेवतात. परंतु शरीरात कोठे दाह, म्हणजे रोगप्रतिकारयंत्रणेने चेतवलेली सूज, सुरू झाला की यकृत फायब्रिनोजेन हे प्रथिन जादा प्रमाणात तयार करते, त्यामुळे पेशींमधील हा दुरावा कमी होतो, त्या नाण्यांच्या चळतीप्रमाणे एकमेकींना चिकटतात आणि जड झालेली चळत लवकर खाली बसते. आमवातात, म्हणजे प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते त्या संधिवातात, हेच घडते. मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगातही अशाच चळती बनतात, मात्र तेथे त्यांना कारण होतात ती बेसुमार वाढलेल्या एकाच जातीच्या पेशींनी रक्तात ओतलेली प्रतिपिंडे. रक्तक्षयाने आणि वाढत्या वयानेही हा आकडा चढतो, तेव्हा केवळ त्याच्यावरून घाबरून जाणे जितके चुकीचे, तितकेच तो साधारण आहे म्हणून निर्धास्त होणेही चुकीचे.

'सीआरपी' ही त्या मानाने चलाख खूण. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट व फ्रान्सिस यांना १९३० मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात असे द्रव्य आढळले, की जे न्यूमोकॉकस जंतूच्या 'सी' नामक घटकाशी संयोग पावत असे, आणि त्यावरून पडलेले 'सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन' हे नाव, त्याचा संबंध केवळ जंतूंशी नाही हे कळल्यानंतरही, कायम राहिले. इंटरल्यूकिन-६ हा प्रतिकारपेशींचा रासायनिक निरोप यकृताला पोहोचला की काही तासांतच हे प्रथिन वाढू लागते, आणि निरोप थांबला की सुमारे १९ तासांत त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. ईएसआर मात्र उतरायला आठवडे घेतो. हा निरोप सुजलेल्या गुडघ्यातून निघाला की फुप्फुसातल्या गाठीच्या परिसरातून, हे यकृताला कळत नाही, आणि म्हणूनच दोन अगदी वेगळ्या विकारांत रक्त एकच साक्ष देते. कर्करोगात या साक्षीचा उपयोग निदानापेक्षा रोगाचा पुढील कल जोखण्यासाठी अधिक होतो: ग्लासगो येथील वैद्यांनी सुचवलेल्या गुणांकनात लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक सीआरपी आणि त्याच वेळी घटलेले अल्ब्युमिन हे प्रथिन, ही जोडी प्रतिकूल मानली जाते.

दाह किती आहे हे सांगणाऱ्या या खुणांपेक्षा, प्रतिकारयंत्रणेचा रोख कोणावर आहे हे सांगणाऱ्या खुणा निराळ्या. आमवाताच्या तपासणीत पाहिला जाणारा, नॉर्वेच्या एरिक वॉलर यांनी १९४० मध्ये वर्णिलेला 'आरए फॅक्टर' हे शरीराच्या स्वतःच्याच प्रतिपिंडांविरुद्ध तयार झालेले प्रतिपिंड आहे, परंतु ते हिपॅटायटिस-सीच्या रुग्णांत आणि काही धडधाकट वृद्धांतही सापडते. 'अँटी-सीसीपी' ही तपासणी अधिक नेमकी ठरली. प्रथिनांतील आर्जिनिन या घटकाचे सिट्रुलिनमध्ये रूपांतर झाल्यावर त्या बदललेल्या प्रथिनांना परके समजून तयार होणारी प्रतिपिंडे ती शोधते, आणि ही प्रतिपिंडे कित्येकदा सांधा दुखू लागण्याच्या काही वर्षे आधीच रक्तात असतात. काही खुणा तर रोग किती पुढे गेला आहे हे सांगतात: मायलोमात बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन या प्रथिनाचे प्रमाण लिटरमागे ५.५ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असल्यास २००५ च्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीनुसार रोग तिसऱ्या टप्प्यात धरला जातो. मात्र मूत्रपिंडे थकली असली तरी हा आकडा फुगतो.

उपचारांनी यात आणखी एक पेच आणला आहे. आमवातावर दिले जाणारे टोसिलिझुमॅब हे औषध इंटरल्यूकिन-६ चा निरोपच अडवत असल्याने सीआरपी झपाट्याने खाली येते, इतकी की एखादा गंभीर जंतुसंसर्ग झाला तरी ती फारशी वर जाईलच याची खात्री नसते, आणि सांध्यांतला दाह पुरता शमला नसतानाही कागद निर्मळ दिसू शकतो. अशा रुग्णाच्या बाबतीत डॉक्टरांना बोटे, मनगटे, कोपरे, खांदे आणि गुडघे मिळून २८ सांधे अंगठ्याने एकेक दाबून, त्यांपैकी दुखरे किती आणि सुजलेले किती, हे मोजावे लागते.