काटा लाल, पत्रादेवी जवळ

पेट्रोल अजून जीएसटीबाहेर आहे. त्यामुळे राज्य बदललं की व्हॅट बदलतो आणि पंपावरचा आकडाही. २०१२ मध्ये मुख्यमंत्री मनोहर पर्रीकरांनी गोव्यात हा कर ०.१ टक्क्यावर आणला, तेव्हा पेट्रोल लिटरमागे सुमारे ११ रुपयांनी उतरलं होतं. पुढे कर वाढला, तरी गोवा स्वस्तच राहिला. म्हणून सावंतवाडी-बांद्याकडचा गाडीवाला इकडे महाराष्ट्रात शंभराचंच टाकतो आणि पत्रादेवीचा सीमानाका ओलांडून टाकी फुल्ल करतो. परभणीकराला ही सोय कुठली? त्याचं पेट्रोल पार मनमाडहून टँकरने येतं. ते भाडंही दरात चढतं. मात्र स्कूटरच्या पाच लिटरसाठी मुद्दाम वीस किलोमीटर जाऊ नका; वाचलेले पैसे येता-जाता जळतात.