नाकाचे माप

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने समाजशास्त्रात नाक खुपसू नये, असे माझ्या एका मित्राचे मत आहे. परंतु या लेखाचा विषयच नाक हा असल्यामुळे सुज्ञ वाचक मला क्षमा करतील अशी आशा आहे.

माझे आजोळ ग्वाल्हेरचे. तेथे लष्कर भागात कंपू नावाची वस्ती आहे, त्या वस्तीत मामांचे घर. आपल्या बोलण्यात ‘कंपू’ म्हणजे टोळके, म्हणून लहानपणी मला वाटे की तेथे गटबाजी करणारे लोक राहत असावेत. मामांनी खरा अर्थ सांगितला तो फार पुढे. कंपू हा कॅम्प शब्दाचाच भाऊबंद. पेशवाईच्या उत्तरकाळातील मराठीत तो कवायती पलटणींच्या फौजेला लावीत. महादजी शिंद्यांनी १७८४ साली डी बॉयन या सॅव्हॉयच्या सेनानीस नोकरीस ठेवले आणि त्याने बंदुका, संगिनी व तोफखाना यांनी सज्ज अशा पलटणी उभ्या केल्या. पुढे १८१० च्या सुमारास दौलतरावांनी किल्ल्याच्या दक्षिणेस कायमचा तळ दिला आणि त्या तळाचेच लष्कर शहर झाले. फौज गेली, पण वस्तीचे नाव मात्र राहिले.

आता नाकाकडे वळू. हर्बर्ट रिस्ले हे बंगालमधील सनदी अधिकारी. माणसाची कवटी व नाक मोजून त्याचा वंश ठरविता येतो, अशी त्या काळच्या युरोपातील पुष्कळ विद्वानांची समजूत होती. ती रिस्ले यांनी हिंदुस्थानातील जातींना लावली. रीत सोपी आहे. नाकाच्या रुंदीला उंचीने भागून १०० ने गुणावयाचे. उत्तर ७० च्या खाली आले तर नाक सडपातळ, ७० ते ८५ आले तर मध्यम आणि त्यावर गेले तर बसके. एका जातीच्या काही माणसांची सरासरी काढली की झाला त्या जातीचा अंक. रिस्ले यांचा निष्कर्ष असा की, जातीचा सामाजिक दर्जा आणि नाकाची रुंदी यांचे प्रमाण व्यस्त असते. म्हणजे नाक जितके रुंद, तितकी जात खालची!

गेल्या दिवाळीत कंपूत असताना मी कंपासपेटीतील पट्टी घेऊन मामेभावांची नाके मोजली. आजी म्हणाली, “मुलं बिघडली.” थोरल्याचा अंक ६८ आला, धाकट्याचा ७७. सख्खे भाऊ, एकाच ताटात जेवणारे, पण रिस्ले यांच्या हिशेबाने निरनिराळ्या वर्गांत गेले. कंपासपेटीतील पट्टी हे काही शास्त्रीय उपकरण नव्हे, हे मला कबूल आहे. तरी सरासरीविषयी आपण बी.कॉम.ला जे शिकतो ते येथे आठवल्यावाचून राहत नाही. सरासरी सांगितली आणि त्याभोवतीचा विस्तार सांगितला नाही, तर अर्धेच सांगितले. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांनी १९३३ साली रिस्ले यांचे बंगालमधील आकडे पुन्हा तपासले, तेव्हा त्यांत चुका आढळल्या व त्या दुरुस्त कराव्या लागल्या.

परंतु आकड्यांची चूक ही या गोष्टीतील लहान चूक. मोठी चूक आपल्या घराजवळची आहे. रिस्ले यांनी १९०८ साली ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पश्चिम हिंदुस्थानातील लोकांसाठी शक-द्रविड असा एक खण केला आहे आणि त्यात मराठी ब्राह्मण, कुणबी व कोडगूचे लोक यांना एकत्र बसविले आहे. (आमच्या कन्नड विभागाच्या मित्रांनी या नव्या नात्याची नोंद घ्यावी.) मराठ्यांच्या दूरवरच्या स्वाऱ्या, गनिमी कावा, कारस्थानी वृत्ती आणि टिकाऊ राज्य उभारण्यातील अपयश, हे सारे अंगातील शक रक्ताचे गुण असावेत, असा त्यांचा तर्क आहे.

हे वाचले तेव्हा मला मामांच्या वस्तीचे नाव आठवले. गनिमी कावा रक्तात असेल, तर कंपू आला कोठून? १८०३ साली असईच्या रणांगणावर वेलस्लीसमोर शिंद्यांची जी फौज उभी होती, ती रांगा धरून, तोफा डागून लढली आणि जिंकूनही इंग्रजांची फार मोठी हानी झाली. शिवाय या कवायती पलटणींत मराठे थोडेच. भरणा होता तो अयोध्या प्रांताकडील व उत्तरेतील इतर शिपायांचा. म्हणजे ज्या सैन्याच्या रीतीवरून मराठ्यांचे रक्त ओळखावयाचे, त्या सैन्यात रक्त निराळ्यांचे आणि रीत फिरंगी! मराठ्यांनी पूर्वी गनिमी काव्याने युद्ध केले, कारण डोंगर तसा होता, पैसा थोडा होता आणि शत्रू मोठा होता. पुढे दोआबाचा महसूल हाती आला, तेव्हा त्यांनी कवायती फौज ठेवली. हे इंग्रजांना ठाऊक नव्हते असे नाही, असईला त्यांनीच तर तोंड दिले होते. मग ज्ञात असलेली गोष्ट ज्ञानात का शिरली नाही?

याचे उत्तर मला हिशेबतपासणीच्या तासाला सापडले. तपासनीस स्वतंत्र असावा, ज्याचा व्यवहार त्यानेच तो तपासू नये, हा त्या विषयातील पहिला धडा. रिस्ले १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त होते. पुढे ते हिंदुस्थान सरकारचे गृहखात्याचे सचिव झाले आणि १९०५ च्या बंगालच्या फाळणीमागील विचारात त्यांचा मोठा हात होता. राज्यही त्यांचे, मोजणीही त्यांची आणि निष्कर्षही त्यांचेच. जिंकलेल्यांना टिकाऊ राज्य का उभारता आले नाही, याचे कारण जिंकणाऱ्याने लिहावयाचे असेल, तर ते पराभूताच्या नाकात सापडणे फार सोयीचे असते.

आणि अशा ज्ञानाची खोड अशी की ते सरकारी छापखान्यातून आले की खरे होऊ लागते. १९०१ च्या जनगणनेत जातींची क्रमवारी लावण्याचे ठरताच ठिकठिकाणच्या जातिसभांनी आपली जात वर चढवावी म्हणून अर्ज केले. क्रमवारी चूक आहे असे म्हणणारे थोडे. आमचा क्रमांक चूक आहे असे म्हणणारे पुष्कळ!

या मोजपट्टीवर आपल्याकडच्या काही लोकांनी बोट ठेवले. त्यांत मला सर्वांत मोठे वाटतात ते पंचवीस वर्षांचे भीमराव आंबेडकर. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. युरोपीय अभ्यासकांनी जातीच्या प्रश्नात रंगाला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले, कारण त्यांच्या स्वतःच्याच मनात रंगाचा पूर्वग्रह भरलेला होता, असे त्यांनी त्यात सांगितले. जात टिकते ती रक्ताने नव्हे, तर जातीबाहेर लग्न होऊ न देण्याने, हे त्यांचे प्रतिपादन. ज्याची गणना इतरांनी करावयाची, त्याने उठून गणना करणाऱ्याचीच परीक्षा घेतली, ही गोष्ट लहान नव्हे.

मुंबई विद्यापीठाचे डॉ. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात रिस्ले यांचे कोष्टक तपासले आणि नाक व दर्जा यांचा मेळ उत्तरेतील हिंदुस्थान प्रांताबाहेर बसत नाही असे दाखविले. घुर्ये यांच्याच विद्यार्थिनी इरावती कर्वे बर्लिनला गेल्या. तेथे ऑयगेन फिशर त्यांचे मार्गदर्शक होते. हे गृहस्थ पुढे नाझी राजवटीत वंशशास्त्राचे मोठे अधिकारी म्हणून मिरविले. कवटीचा असमतोल वंशाप्रमाणे बदलतो, या अपेक्षेने दिलेला विषय इरावतीबाईंनी घेतला, कवट्या मोजल्या आणि असा संबंध दिसत नाही असे लिहून दिले. परमुलखात, परक्या भाषेत, पदवी ज्याच्या हाती आहे त्याच्यासमोर! आपल्यापैकी किती जण तोंडी परीक्षेत परीक्षकाशी मतभेद दाखवितात, हे मी विचारीत नाही.

इंग्रज गेले म्हणजे हा प्रश्न संपला, असे मात्र मुळीच नाही. आंबेडकरांचा तो निबंध १९१७ सालीच छापला गेला होता. तरी कितीतरी दशके समाजशास्त्राच्या वर्गात ते घटनाकार व पुढारी म्हणूनच ओळखले गेले, समाजशास्त्रज्ञ म्हणून नव्हे. पुणे विद्यापीठातील प्रा. शर्मिला रेगे यांच्यासारख्यांना त्यासाठी झगडावे लागले. अमेरिकेतही हेच घडले होते. कृष्णवर्णीय विद्वान डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी १८९९ साली फिलाडेल्फियातील निग्रो वस्तीचा घरोघर फिरून अभ्यास प्रसिद्ध केला, पण त्या देशातील समाजशास्त्राचा उगम सांगताना शिकागोच्या गोऱ्या प्राध्यापकांचीच नावे घेतली जात. १९४६ साली आंबेडकरांनी या डू बॉइसना पत्र लिहिले होते. विद्वानांचेही कंपू असतात, आणि येथे मी तो शब्द मामांच्या अर्थाने नव्हे, आपल्या अर्थाने वापरतो. प्रा. गोपाळ गुरू यांनी २००२ साली याच दुखण्यावर लिहिले : आपल्या समाजशास्त्रांत सिद्धान्त मांडणारे एक आणि अनुभव पुरविणारे दुसरे, अशी वाटणी झाली आहे.

म्हैसूरच्या एम. एन. श्रीनिवास यांचा प्रामाणिकपणा येथे सांगितला पाहिजे. त्यांनी १९४८ साली म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहून अभ्यास केला. त्या खेड्याला त्यांनी रामपुरा म्हटले आहे. १९७६ सालच्या पुस्तकात ते मान्य करतात की, आपण गावच्या मुखियाच्या आश्रयाने राहिलो आणि गाव पाहिले ते वरच्या जातींच्या नजरेने. एवढ्या मोठ्या अभ्यासकाला जे टाळता आले नाही, ते आपल्याला सहज टळेल असे कोणी समजू नये.

निदान मला तरी टळले नाही. मागच्या हिवाळ्यात सेवा योजनेच्या शिबिरात आम्ही एका गावाची सामाजिक पाहणी केली. मराठी व कन्नड दोन्ही येते म्हणून प्रश्न विचारण्याचे काम माझ्याकडे होते. आम्ही देवळाच्या कट्ट्यावर बसलो आणि गावच्या एका वजनदार गृहस्थांनी माणसे बोलावून आणली. ‘गावात अस्पृश्यता पाळली जाते काय?’ हा नववा प्रश्न होता. ते गृहस्थ शेजारी खुर्ची टाकून बसले होते. एकूण ३८ जणांनी ‘नाही’ असे सांगितले आणि मी ३८ वेळा ‘नाही’ लिहिले. ओढ्यापलीकडच्या वस्तीतून दोघेच आले होते. ते कट्ट्याखाली उभे होते, आणि मी त्यांना वर बसा म्हटले नाही. ओढा ओलांडून कोणी गेले नाही, कारण चारला बस होती. अहवालात त्या प्रश्नापुढे ‘शंभर टक्के’ असा आकडा आहे. तो टक्का मीच काढला आहे आणि गणित बरोबर आहे.