आमची मॅटाडोर आणि दोन विहिणी

आमच्या गल्लीत सकाळी पावणेसातला कुणी घड्याळाकडे बघत नाही. तेवढ्याला आमची मॅटाडोर सुरू होते आणि समोरचे काका खिडकीतून ओरडतात, “निघाल्या मॅडम!” थंडीत ती सुरू करणं हा सबुरीचा मामला असतो. किल्ली अर्धी फिरवायची, हीटरचा दिवा विझेपर्यंत गप्प बसायचं आणि मगच पुढं फिरवायची. घाई केली की ती नुसती खोकते. लग्न होऊन मी २००३ साली बेळगावहून बुऱ्हाणपूरला आले तेव्हा या घरातलं पहिलं काय कळलं असेल, तर हे हीटरचं गणित. सासूबाईंचा स्वभाव पुढं बऱ्याच वर्षांनी कळला.

मी आले त्याच वर्षी १५ ऑगस्टला बुऱ्हाणपूर जिल्हा झाला. त्याआधी आम्ही खंडव्यात मोडत होतो. नव्या गाड्यांवर आता एमपी ६८ असतं, आमच्या मॅटाडोरवर अजून एमपी १२ आहे. म्हणजे गाडी जिल्ह्यापेक्षा वयानं मोठी, आणि गल्लीत तिला मानही तसाच मिळतो. नोंदणी १९९२ची. सासऱ्यांनी १९९७ साली ती जुनी म्हणूनच घेतली.

तुम्ही सीमाभागातली माणसं, तुम्हाला ‘टेम्पो’ आणि ‘मटाडोर’ हे शब्द सांगायला नकोत. आमच्या अव्वाला मात्र टेम्पो हा शब्द कन्नड वाटायचा, आणि सासूबाईंना हिंदी. तो खरा जर्मन. हॅम्बुर्गकडच्या एका कारखान्याच्या गाड्यांचं ते नाव. त्यांच्याशी करार करून फिरोदियांनी १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी उभी केली, आधी तीनचाकी काढली आणि १९६९ पासून पुण्याजवळच्या आकुर्डीत मॅटाडोर बनू लागली. मॅटाडोर म्हणजे स्पेनमधला बैलांशी झुंजणारा गडी. आमचीला बघून झुंज आठवत नाही, बैलच आठवतो. पुढं पुढं कुठल्याही कंपनीच्या व्हॅनला लोक मॅटाडोरच म्हणायला लागले. नव्वदचं दशक संपता संपता ती बनायची थांबली, आणि २००५ साली कंपनीनं स्वतःचं नावही बदलून फोर्स मोटर्स केलं. शब्द तेवढा राहिला.

परदेशात ‘कॅम्पर व्हॅन’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं फोक्सवॅगनची गोल तोंडाची गाडी येते. बेन पॉन नावाच्या एका डच व्यापाऱ्यानं १९४७ साली वहीत तिचं चित्र काढलं आणि मार्च १९५० पासून ती बनू लागली. गंमत म्हणजे जर्मनीतल्या पहिल्या मॅटाडोरमध्ये फोक्सवॅगनचंच इंजिन होतं. म्हणजे लांबची मावसबहीणच म्हणायची. त्या गाडीसाठी १९५१ साली वेस्टफालिया नावाच्या कारखान्यानं एक लाकडी सामान काढलं होतं. ते आठवडाभर बाहेर ठेवायचं आणि सुट्टीच्या दिवशी आत बसवायचं, म्हणजे तीच गाडी सोमवारी दुकानाची आणि रविवारी सहलीची. मी हे वाचलं तेव्हा सासरे हयात नव्हते, नाहीतर त्यांना सांगितलं असतं. कारण त्यांनी वेस्टफालियाचं नावही न ऐकता नेमकं तेच केलं होतं.

बुऱ्हाणपूरच्या एका सुताराकडून त्यांनी सागवानाच्या दोन लांब पेट्या करून घेतल्या. दिवसा त्यावर गादी टाकली की समोरासमोरची बाकं. मधल्या फटीत दोन फळ्या आडव्या टाकल्या की चौघांचा बिछाना. एका पेटीत स्टोव्ह, तवा, पातेली, पाण्याचे कॅन. दुसरीत अंथरूण. गाडीला कुठं भोक पाडलेलं नाही की वेल्डिंग नाही, पेट्या पट्ट्यांनी घट्ट बांधायच्या आणि काम झालं की सोडायच्या. त्या वेळी तो कंजूषपणा वाटला, पण पुढं त्यानंच वाचवलं. नोंदणीत लिहिलेल्या गाडीची मूळ रचना आपल्या मनानं बदलायची नाही, हे मोटार वाहन कायद्यात आहेच, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानंही त्यावर कडक बोट ठेवलं. आमच्या पेट्या तपासणीच्या दिवशी ओसरीवर असतात. स्वयंपाक गाडीबाहेर, झाडाखाली, आणि गॅसची टाकी गाडीत कधीच नाही. हा सासऱ्यांचा नियम होता, तो मी मोडलेला नाही.

२००४च्या दिवाळीला आम्ही पहिल्यांदा हिच्यातून माहेरी गेलो. शहापूर, इच्छापूर, मुक्ताईनगर, भुसावळ, अजिंठ्याचा घाट, तेव्हाचं औरंगाबाद. रात्री रांजणगावच्या गणपतीजवळ मुक्काम, दुसऱ्या दिवशी पुणे, सातारा, कोल्हापूर, निपाणी. जवळजवळ आठशे किलोमीटर आणि पूर्ण दोन दिवस. ताशी पन्नास-पंचावन्नच्या वर गाडी नेली की आतलं बोलणं बंद, कारण ऐकूच येत नाही. बेळगावात दारात उतरलो तर अव्वानं “ऊट आतेनु?” विचारायच्या आधी गाडीला फेरी मारली आणि म्हणाली, “घर घेऊनच आलात की!”

असो. हौस सगळ्यांनाच असते, रोजचं काय ते सांगते.

सासरे २००८ साली गेले. गाडी विकायची असं ठरत आलं होतं. माझी शाळा शहापूरला, बस कधी येई, कधी न येई. यजमान म्हणाले, स्कूटर घे. मी म्हटलं, घरात चार चाकं उभी असताना दोन कशाला? २००९च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ती शिकले. शनवारा दरवाजाजवळच्या गर्दीत बाईमाणूस मॅटाडोर वळवतेय हे बघायला लोक थांबायचे. पॉवर स्टिअरिंग नाही. जागच्या जागी चाक वळवायचं म्हणजे दळण दळण्यासारखं, म्हणून गाडी किंचित सरकती ठेवून वळवायची, हे मिस्त्रींनी शिकवलं. महिन्याभरात दंड दुखायचे थांबले.

उन्हाळ्यात ही गाडी रोज चालवणं शहाणपणाचं नाही, हे मोकळेपणानं सांगते. इंजिन पुढं, ड्रायव्हर आणि शेजारच्याच्या मधोमध, झाकणाखाली. बुऱ्हाणपुरात पारा चव्वेचाळीसला गेला की त्या झाकणाजवळ मांडी ठेवता येत नाही. जानेवारीत मात्र त्याच झाकणावर माझा डबा गरम राहतो आणि शाळेतल्या दोघी बाई पुढची जागा मिळावी म्हणून भांडतात. डिझेलही तोलून वापरते म्हणता येणार नाही, लिटरला अकरा-बारा. धूर आजच्या गाड्यांपेक्षा जास्त, पीयूसी वेळच्या वेळी काढलं तरी हे खरं आहे. आणि ड्रायव्हरपुढं बोनेट नसतं. समोरून काही आदळलं तर मधे फक्त पत्रा आणि आपले गुडघे. म्हणून रात्रीचा महामार्ग आम्ही बंद केला आहे आणि मुलांना पुढं बसवत नाही.

दोन वर्षांपूर्वी इच्छापूरच्या अलीकडे ती तापून उभी राहिली. चूक माझीच होती. रेडिएटरचं पाणी सकाळी बघायचं, तो नेम मी परीक्षेच्या गडबडीत आठवडाभर चुकवला. दीड तास केळीच्या बागेच्या सावलीत बसले. बागवाल्यानं पाणी दिलं, वर अर्धा डझन केळीही. नवी गाडी असती तर मदतीला फोन करून कुणाची तरी वाट बघत बसले असते.

सुटे भाग हा मोठा प्रश्न. ऐंशीच्या दशकापासून मॅटाडोरला मर्सिडीज-बेंझच्या तंत्राचं २.४ लिटरचं डिझेल इंजिन मिळालं. तेच इंजिन कंपनीच्या इतर गाड्यांतही होतं, त्यामुळं त्याचं काही ना काही मिळतं. गिअरपेटीचं, दरवाज्यांच्या रबराचं, पुढच्या काचेचं तसं नाही. आमचे मिस्त्री सत्तरीला आले. त्यांनी भंगारात निघालेल्या एका मॅटाडोरची गिअरपेटी आमच्यासाठी पोत्यात बांधून ठेवली आहे. त्यांचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो.

मग ठेवली कशाला? यजमानांचे भाऊ-भावजया दरवर्षी विचारतात. २०१८ पर्यंत माझ्याकडेही धड उत्तर नव्हतं.

त्या वर्षी सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं हळूहळू परत आलं, पाय आला नाही. जळगावला डॉक्टरांकडे न्यायचं तर धाकट्या दिरांनी आपली नवी, उंच, चकचकीत गाडी आणली. दोघांनी उचलून बसवलं, तेव्हा सासूबाईंच्या तोंडून शब्द निघाला नाही, फक्त डोळ्यांतून पाणी आलं. आयुष्यभर डोक्यावरचा पदर न ढळू दिलेली बाई. परत आल्यावर अडखळत मला म्हणाल्या, “सूनबाई, मला पोत्यागत नका उचलू.”

दुसऱ्या खेपेला मी मॅटाडोर काढली. एक पेटी सोडून ठेवली, बाजूच्या दाराला फळी लावली आणि चाकाची खुर्ची तशीच आत ढकलली. एकटीनं. खुर्ची पट्ट्यांनी बांधली, सासूबाईंना कमरेचा पट्टा लावला आणि निघालो. हे जमलं ते गाडीच्या बुटक्या फरशीमुळं. बहुतेक जुन्या मालगाड्यांत इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते, त्यासाठी लांब दांडा खालून न्यावा लागतो आणि फरशी वर उचलावी लागते. मॅटाडोरमध्ये ताकद पुढच्याच चाकांना मिळते. खाली दांडा नाही, म्हणून फरशी जमिनीच्या जवळ. जर्मनीतल्या कुणी इंजिनिअरनं पोती चढवणं सोपं जावं म्हणून हे केलं असणार. याचा एक तोटाही आहे, तो अशीरगडाच्या चढावर पावसात कळतो. मागं माणसं भरली की पुढची चाकं हलकी होतात आणि ओल्या रस्त्यावर जागीच फिरतात. म्हणून जड सामान पुढं.

खुर्चीसमोरच्या पेटीवर आता माझी आई बसते. वडील २०१४ साली गेले. ते आजारी आहेत असा फोन आला तेव्हा यजमान गाडी काढू लागले होते, मी नको म्हटलं. भुसावळला जाऊन गोवा एक्सप्रेस धरली आणि थेट बेळगावला उतरले. शेवटचे तीन दिवस मिळाले. मॅटाडोरनं गेले असते तर एक दिवस कमी मिळाला असता, हे मी विसरत नाही. दिवसकार्याला यजमान सासूबाईंना घेऊन हिच्यातून आले. पुढच्या वर्षी अव्वाला, तिचा देव्हारा, तुळशीची कुंडी आणि मसाल्याचा डबा घेऊन गाडी इकडे आली.

पहिले काही महिने दोन विहिणींचं एकमेकींशी जमत नव्हतं. अव्वाची मराठी बेळगावची, सासूबाईंची निमाडी आणि हिंदी मिसळलेली. मुलांनी एकीला आजी आणि दुसरीला अज्जी म्हणून वाटणी करून टाकली. सासूबाईंनी पाहुणचार म्हणून बाजारातून मांडे आणवले. अव्वा खूश, बेळगावचे पिठीसाखरेचे कुरकुरीत मांडे येणार म्हणून. निघाली ती बुऱ्हाणपूरची हातभर रुंद, मऊ, पातळ पोळी. अव्वा बराच वेळ ती उलगडून आत साखर शोधत होती.

जमलं ते गाडीत. उन्हं उतरली की मी दोघींना राजघाटावर नेते. मागचं दार उघडायचं, समोर तापी, वर शाही किल्ल्याची भिंत. गाडी खड्ड्याजवळ आली की एक म्हणते “निधान, निधान”, दुसरी “धीरे, धीरे”, आणि मी दोन्ही भाषांत ब्रेक दाबते. आता तर सासूबाईही “निधान” म्हणतात, कारण तो शब्द त्यांच्या जिभेला सोपा जातो. अव्वा त्यांचा उजवा हात मांडीवर घेऊन बोटं चोळते आणि कन्नडमध्ये देवाची गाणी म्हणते. सासूबाईंना अर्थ कळत नाही, तरी कडवं चुकलं की त्या बरोबर मान हलवतात.

नोंदणी २०२२ साली पाच वर्षांसाठी वाढवून घेतली. त्याच १ एप्रिलपासून जुन्या गाड्यांचं शुल्क सहाशेचं पाच हजार झालं होतं. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते दहा हजारांवर गेलं. आमची मुदत २०२७ पर्यंत. मुलगी म्हणते, आई, तेवढ्या पैशांत पत्रा, रंग, टायर मिळून जुनी छोटी गाडी येईल. तिचा हिशेब बरोबर आहे. मुलगा म्हणतो मी शिकतो, मला दे. त्याचंही वय अजून व्हायचं आहे. मिस्त्रींना विचारलं तर त्यांनी पोत्यातल्या गिअरपेटीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, “ये है जब तक, मैं हूँ तब तक.” मी अजून काही ठरवलेलं नाही. भंगारात दिली तर प्रमाणपत्र मिळतं, नव्या गाडीवर सवलत मिळते, हे सगळं वाचून ठेवलं आहे. बुटक्या फरशीची नवी गाडी मात्र मी तीन शोरूममध्ये फळी घेऊन जाऊन बघितली. विक्रेते फळीकडेच बघत राहिले.

उद्या सासूबाईंची जळगावला तपासणी आहे. एक पेटी ओसरीवर काढून ठेवली. अव्वानं दशम्या केल्या आहेत, त्या इंजिनाच्या झाकणावर ठेवायला दोन फडक्यांत बांधल्या. रेडिएटरचं पाणी बघितलं. सकाळी सहाला निघायचं, हीटरचा दिवा विझला की.