टाक्यापासून सत्तर पावलं

सांताक्रूझहून पहाटेची लोकल, दादरला गाडी बदलून आसनगाव, आणि तिथून माहुली. उपनगरातल्या ट्रेकरांची ही नेहमीची वाट. सॅकमध्ये ठेपल्यांपासून टॉर्चपर्यंत सगळं असतं; परसाकडे जायची तयारी मात्र नसते. त्याबाबत सगळ्यांच्या समजुती ठरलेल्या असतात आणि बहुतेक चुकीच्या असतात.

‘गुरं करतातच की, रानात सगळं जिरतं.’ ही सगळ्यात पक्की समजूत. शेणही पाण्यात नकोच. पण माणसाच्या विष्ठेतून टायफॉइड, कॉलरा, कावीळ असे थेट माणसालाच बाधणारे रोग पसरतात. जंतांची अंडी तर मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. गडावरचं पाणी म्हणजे कातळात खोदलेली टाकी. पावसात वरून जे वाहत येतं तेच त्यात साठतं, आणि ट्रेकर, गुराखी पुढे कित्येक महिने तेच पितात. १८९२ पासून मुंबईला पाणी देणारा तानसा तलाव माहुलीच्याच रानात आहे. ते पाणी आपल्या नळाला शुद्ध होऊन येतं. टाक्याला ती सोय नाही.

‘खड्डा खणून बुजवला की झालं.’ खड्डा हवाच, १५ ते २० सेंटिमीटर खोल, कुजवणाऱ्या काळ्या मातीत. पण पाणी, वाट आणि मुक्काम यांपासून किमान ६० मीटरवर, म्हणजे सत्तर-ऐंशी पावलांवर. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर खुरपं मारून बघा: दोन बोटं माती, खाली खण्णकन कातळ. तिथे दगडाखाली झाकलेलं पहिल्या पावसात वर येतं. मागे झाडीत, खोल मातीत जावं. त्याहून बरं म्हणजे पायथ्याच्या पाचनई गावात ज्यांच्याकडे जेवण सांगतो, त्यांना विचारून तिथल्याच संडासात जाऊन मग चढावं.

‘वाइप्स कागदाचेच असतात.’ बहुतेकांत प्लास्टिकचे धागे असतात. एकदा खड्डा खणताना माझ्या खुरप्याला आधीच कुणीतरी पुरलेला वाइप लागला. माती झटकली तर त्यावरची उठावाची नक्षीसुद्धा शाबूत होती.

सॅनिटरी पॅडबद्दल तर कुणी बोलतच नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. कुठे जायचं, पॅड कुठे टाकायचं या धास्तीने मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. पॅड शेकोटीत पुरतं जळत नाही, प्लास्टिकचा विषारी धूर तेवढा होतो. पुरलं तर जनावरं उकरतात. कागदात गुंडाळून, घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत परत आणायचं, हाच मार्ग. ट्रेकच्या म्होरक्याने हे निघण्याआधीच सगळ्यांसमोर, मुलग्यांसमोरही, स्पष्ट सांगावं.

‘आपण पाणी वापरतो, म्हणजे स्वच्छच.’ पाणी उत्तमच, टिश्यू उरत नाही. पण बाटली भरून खड्ड्यापाशी न्यायची. टाक्यात हात बुडवायचा नाही, साबण तर नाहीच.

आणि ‘पूर्वी कुठे होत्या सोयी?’ असं म्हणणाऱ्यांनी रायगड, राजगडावरचे शौचकूप पाहावेत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावर केर पडू देऊ नये, तो गडाखालीही न टाकता जाळून त्याची राख परसात घालावी, भाज्या पिकवाव्यात, असं बजावलं आहे.

माझ्या सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात आता खुरपं, वेगळी बाटली आणि जाड काळी पिशवी कायम असते. रविवारी रात्री सांताक्रूझला उतरलो की ती पिशवी कागदात गुंडाळून, वर खूण करून इमारतीच्या कचऱ्यात वेगळी देतो.