रक्त कमी, पण लोह जास्त : हे कसे?

घरात कुणी फिकट दिसू लागले, जिना चढताना धाप लागू लागली, की आपल्याकडे औषध ठरलेले असते. 'रक्त कमी झालंय' म्हणायचे आणि लोहाच्या गोळ्या, टॉनिकची बाटली, कलेजीचा रस्सा सुरू करायचा. एरवी त्यात वावगे काही नाही. आपल्या कष्टकरी मायबहिणींच्या अंगात लोह बहुधा कमीच असते. पण हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजारावर औषध चालू असेल, तर हाच घरगुती उपाय अंगाशी येऊ शकतो. म्हणून हा विषय आम्ही आज वाचक बंधुभगिनींपुढे ठेवत आहोत.

या आजाराचा विषाणू रक्तावाटे पसरतो. तो 1989 साली सापडला. आपल्या देशात दान केलेल्या रक्ताची त्यासाठी तपासणी सक्तीची झाली ती 2001 च्या सुमारास. म्हणून त्याआधी रक्त चढवलेल्यांनी एकदा तपासणी करून घ्यावी. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. ज्यांना वारंवार रक्त द्यावे लागते, त्यांच्या घरच्यांनी तर हे विसरू नये. वरचेवर घेतलेल्या रक्तानेही अंगात लोह साठत जाते.

आता लोह का वाढते ते पाहू. शरीरातील जादा लोह यकृतात साठते. ज्या प्रथिनात ते साठते त्याला फेरिटिन म्हणतात. विषाणूमुळे यकृताला सूज येते, पेशी फुटतात आणि फेरिटिन रक्तात उतरते. शिवाय आतड्याने अन्नातून किती लोह घ्यायचे, यावर यकृताचा पहारा असतो. विषाणू हा पहारा ढिला करतो. जादा लोह बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही, त्यामुळे ते साचत राहते.

तिसरे कारण औषधाचे. यकृत फार खराब झालेल्या काही रुग्णांना आजही इतर गोळ्यांबरोबर रिबाविरिन देतात. त्याने रक्तातील तांबड्या पेशी लवकर फुटतात. हिमोग्लोबिन खाली येते, पण फुटलेल्या पेशींतले लोह अंगातच राहते. घर कोसळले तरी विटा अंगणातच पडून राहतात, तसे हे आहे. म्हणून 'रक्त कमी' आणि 'लोह जास्त' या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. अशा रुग्णाला वरून लोह पाजले, तर अशक्तपणा जात नाही, यकृतावरचा भार मात्र वाढतो.

मग घरच्यांनी काय करावे? डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लोहाच्या किंवा व्हिटॅमिन सी च्या गोळ्या देऊ नयेत. टॉनिकच्या बाटलीवर लोह लिहिले आहे का, ते दुकानदाराकडून वाचून घ्यावे. भाजी-भाकरी, डाळ बंद करू नये, कलेजी मात्र काही दिवस टाळावी. धाप, चक्कर, छातीत धडधड वाढली तर लगेच डॉक्टरांना दाखवावे. ते रिबाविरिनची मात्रा कमी करू शकतात. फेरिटिन वाढलेले पाहून घाबरून औषध मध्येच सोडू नये. आणि दारू पूर्ण बंद. पंचशीलातील पाचवे शील यकृताच्या रुग्णाला औषधाइतकेच गरजेचे आहे, कारण दारू यकृतही जाळते आणि लोहही वाढवते.

पूर्वी इंजेक्शने सहा महिने ते वर्षभर घ्यावी लागत. आता बहुतेकांना 12 आठवड्यांच्या गोळ्या पुरतात आणि शंभरात 95 च्या आसपास रुग्ण बरे होतात. 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही तपासणी व औषधे सरकारी केंद्रांवर मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. विषाणू गेला की फेरिटिनही बहुधा उतरते. काही महिन्यांनीही उतरले नाही, तर दुसरे कारण शोधावे लागते.

आजारी भिक्खूची सेवा तथागतांनी स्वतःच्या हातांनी केली. आपल्या घरातल्या रुग्णाची सेवा करताना तपासणीचा कागदही समजून घेऊ या. हिमोग्लोबिन किती आणि फेरिटिन किती, हे दोन्ही आकडे डॉक्टरांना विचारावेत. टॉनिकची बाटली त्यानंतर.