खोली सांभाळणारा आणि खोलीत राहणारा

मागच्या खेपेला आपण ‘सेवक’ या शब्दापाशी थांबलो होतो. आज जरा स्पेनमध्ये जाऊ. हॉटेलात काम करणाऱ्यांना तिथे काय म्हणतात, एवढाच विषय आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही एका परिषदेसाठी माद्रिदला गेलो होतो. स्पॅनिश जेमतेम यायचं, तेही अर्जेंटिनाच्या एका मित्राकडून शिकलेलं. जेवायला बसलो आणि वेटरला ऐटीत हाक मारली, ‘मोसो!’ साठीकडे झुकलेला, पांढऱ्या केसांचा गृहस्थ तो. जवळ येऊन शांतपणे म्हणाला, ‘मोसो मी होतो, पण त्याला चाळीस वर्षं झाली.’ मोसो म्हणजे तरुण पोरगा. बुएनोस आयरेसमध्ये वेटरला सर्रास अशी हाक मारतात, तिथे कुणाला वावगं वाटत नाही. माद्रिदमध्ये मात्र आम्ही चांगलेच ओशाळलो. आपला हॉटेलातला ‘पोऱ्या’ आठवा. त्याचं वय कधी कुणी विचारतं का?

स्पेनमधला रूढ शब्द ‘कामारेरो’. ‘कामारा’ म्हणजे खोली, दालन. धन्याच्या खासगी दालनाची व्यवस्था पाहणारा तो कामारेरो. राजवाड्यात तर हे मानाचं पद होतं. पुढे तो दालनातून निघून जेवणाच्या टेबलापाशी आला. मेक्सिकोत त्याचं नावच टेबलावरून पडलं: ‘मेसा’ म्हणजे टेबल, म्हणून ‘मेसेरो’.

आता गंमत बघा. याच ‘कामारा’पासून दुसरा शब्द झाला, ‘कामारादा’. एका खोलीत राहणारे शिपाई एकमेकांचे कामारादा. हाच शब्द फ्रेंच, इंग्रजी असा फिरत ‘कॉम्रेड’ होऊन आपल्या गिरणगावातही पोचला. म्हणजे खोली एकच. ती दुसऱ्यासाठी सांभाळली की कामारेरो, वाटून घेतली की कामारादा. माणूस तोच असला तरी नातं बदलतं, आणि नाव त्या नात्याला पडतं.

हे नातं एकदा खरोखर उलटलं होतं. 1936च्या डिसेंबरात, यादवी युद्ध चालू असताना, जॉर्ज ऑर्वेल बार्सेलोनात आला. वेटर गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा भिडवून बरोबरीनं वागत होते, ‘सेन्योर’ आणि आदरार्थी ‘उस्तेद’ मागे पडले होते, जो तो दुसऱ्याला ‘कामारादा’ आणि ‘तू’ म्हणत होता, असं त्यानं नोंदवलंय. चारेक महिन्यांनी तो आघाडीवरून परतला, तेव्हा वेटरांचे कडक इस्त्रीचे शर्ट आणि लवून वागणं, दोन्ही परत आलेलं होतं.

बायकांच्या वाट्याला आलेले शब्द तर आणखी बोलके. ‘गोबेर्नांते’ म्हणजे राज्यकर्ता. शेवटचा स्वर बदलून ‘गोबेर्नांता’ केलं, की हॉटेलातल्या खोल्यांच्या साफसफाईवर देखरेख करणारी बाई! राज्य चालवणं आणि चादरी मोजणं यांत एका स्वराचं अंतर. (आता बाई राज्यकर्ती असली तरी तिला ‘गोबेर्नांते’च म्हणतात, ते उगाच नाही.)

तिच्या हाताखाली प्रत्यक्ष खोल्या झाडणाऱ्या बायकांनी मात्र अलीकडे आपलं नाव आपणच ठेवलं. ‘लास के लिंपियान’, म्हणजे ‘साफ करणाऱ्या’. हे भरभर म्हटलं की ऐकू येतं ‘लास केलीस’. त्याच नावानं त्यांनी संघटना बांधली. हॉटेलांनी खोल्यांची सफाई बाहेरच्या कंत्राटदारांना देऊ नये, आम्हाला आपल्याच नोकरीत ठेवावं, ही त्यांची एक मुख्य मागणी.